यादवीचा दोष कोणाच्या माथी?

अंबाडी नाक्यावरून वज्रेश्वरीमार्गे गेलेली वाट पुढे वसईला पोहोचते. वज्रेश्वरीच्या देवळाशी चिमाजी अप्पांचा नवस जोडलेला आहे, त्यामुळे १७३९ची वसईची फत्ते या भागात अभिमानाने सांगितली जाते. त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. ते सांगताना मात्र आवाज खाली येतो.

सांगितलंच, तर खापर यशवंतराव होळकरांवर फुटतं. होळकर पुण्यावर चालून आले म्हणून पेशवा पळाला, असं. पण होळकर का आले?

छत्रपतींची गादी साताऱ्याला असली, तरी दौलतीची सूत्रं पुण्यातून हलत होती. १७९७मध्ये तुकोजी होळकर वारले आणि वारशाचा तंटा उभा राहिला. तो मिटवणं पेशव्याचं काम होतं. झालं भलतंच. पुण्यालगत भांबुर्ड्याला दौलतराव शिंद्यांच्या फौजेने तुकोजींचे पुत्र मल्हारराव होळकर यांच्यावर छापा घालून त्यांना ठार केलं. एप्रिल १८०१मध्ये यशवंतरावांचा भाऊ विठोजी पकडला गेला. शनिवारवाड्यासमोर त्याला हत्तीच्या पायी दिलं आणि बाजीरावाने ते वाड्यातून पाहिलं. कैद करून ठेवला असता, तर तडजोडीची वाट उरली असती. पुढे होळकरांनी उज्जैन लुटलं, शिंद्यांच्या फौजेने इंदूर. २५ ऑक्टोबर १८०२ला, ऐन दिवाळीत, हडपसरला मराठ्यांच्याच तोफा मराठ्यांवर धडाडल्या.

म्हणून ‘पुण्याने दौलत बुडवली’ म्हणणारे निम्मेच खरे. या यादवीत पुणेकर आधी भरडले गेले. शिंद्यांची देणी भागवण्यासाठी १७९८मध्ये त्यांचा सासरा सर्जेराव घाटग्याने शहरातल्या सावकारांना आणि कारभाऱ्यांना धरलं, तापलेल्या तोफांना बांधून पैसा काढला. त्यात माणसं मेली. हडपसरनंतर होळकरांनीही खंडणीसाठी शहर पिळलं. यशवंतरावांना त्यातून सूट देता येणार नाही.

पण आग लावली आणि तिला सरपण पुरवलं ते शनिवारवाड्यातल्या कारभाराने. मुलांना वसईचा किल्ला दाखवायला नेणाऱ्यांनी चिमाजी अप्पांच्या विजयाबरोबर १८०२चा तहही सांगावा, आणि विठोजी होळकरांचं नाव गाळू नये.