गाव हललं तरी संघ आपलाच

2023 साली अनंत चतुर्दशी गुरुवारी आली होती, 28 सप्टेंबरला. मेलबर्नच्या पश्चिम उपनगरात राहणाऱ्या माझ्या भाचीने गणपती अंगणात, बादलीत विसर्जित केला. दुसऱ्या दिवशी घरात सगळ्यांना सुट्टी होती आणि ती फुटबॉलची होती. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या आदल्या शुक्रवारी व्हिक्टोरिया राज्यात 2015 पासून सार्वजनिक सुट्टी असते. मॅचसाठी आपण दांडी मारतो, तिकडे सरकारच रजा मंजूर करतं.

शनिवारी सकाळी दहाला मी पनवेलमध्ये दुसरा चहा घेत होतो, तिकडे दुपारचे अडीच वाजले होते. व्हिडिओ कॉलवर भाचीचा मुलगा आला. अंगात काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची जर्सी. "मामाआजोबा, तुम्ही कॉलिंगवूडचेच ना?" नाही म्हणायची सोय नव्हती. तेव्हापासून मी कॉलिंगवूडचा.

या खेळाची थोडी ओळख करून द्यायला हवी. मैदान क्रिकेटचंच, लंबगोल. चेंडूही लंबगोल. एका बाजूला अठरा जण. मेलबर्नमध्ये 1858 साली टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने हिवाळ्यात खेळाडूंचं अंग हलतं राहावं म्हणून फुटबॉलचा क्लब काढा, असं सुचवलं आणि पुढच्या वर्षी नियम कागदावर आले. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण फेकता येत नाही, मुठीने ठोसून द्यावा लागतो. लाथेने लांब मारलेला चेंडू झेलला की निवांत थांबून पुढची लाथ मारायचा हक्क मिळतो. त्या झेलासाठी हे लोक पुढच्याच्या पाठीवर गुडघा रोवून वर चढतात, दहीहंडीच्या तिसऱ्या थरावर चढावं तसे, आणि पंच काही म्हणत नाहीत. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण. थोडक्यात हुकून बाजूच्या खांबांमधून गेला तरी एक. त्या शनिवारी ब्रिस्बेनने 13 गोल केले, कॉलिंगवूडने 12. जिंकलं कॉलिंगवूड, 90-86. हुकलेल्या अठरा माऱ्यांचे अठरा गुण कामी आले. मैदानात एक लाख चोवीस माणसं होती. फोनच्या पडद्यावर मला फक्त एक दिसत होतं, सोफ्यावरून उड्या मारणारं.

माझे भाचेजावई क्रिकेटवाले. त्यांना हा सगळा गोंधळ वाटतो. पण त्यांच्या ऑफिसात दर आठवड्याला कोण जिंकणार याचे अंदाज भरून द्यायचे असतात आणि सोमवारी चहाच्या वेळी बोलायचं तर त्यावरच. मग झक मारत पाहावं लागतं. भाचीला खेळातलं फारसं कळत नाही, पण अंदाजांत नवऱ्याच्या पुढे असते.

कॉलिंगवूड, कार्लटन, रिचमंड, एसेंडन ही मुळात मेलबर्नच्या उपनगरांची नावं. आजोबा ज्या गल्लीत राहिले त्या गल्लीचा संघ नातवाला मिळतो, नातू कुठेही राहायला गेला तरी. जिंकणारा संघ बघून बाजू बदलणाऱ्याला तिथे किंमत नसते. शेन वॉर्नचंच बघा. तो सेंट किल्डाचा. त्या क्लबला आजवर एकदाच विजेतेपद मिळालं, 1966 साली, एका गुणाने. वॉर्न जन्मला 1969 मध्ये. कसोटीत 708 बळी घेतलेल्या माणसाने आपल्या संघाचं विजेतेपद कधी पाहिलं नाही, तरी 2022 मध्ये त्याचा खासगी अंत्यविधी झाला तो याच क्लबच्या मूराबिन मैदानावर.

संघालाच गाव सोडावं लागलं तर? साउथ मेलबर्नचा संघ कर्जापायी 1982 मध्ये सिडनीला गेला. फिट्झरॉय क्लब 1996 च्या हंगामानंतर ब्रिस्बेनच्या संघात विलीन झाला. आज ब्रिस्बेनच्या जर्सीवरचा सिंह फिट्झरॉयचा आहे आणि जिंकल्यावर खेळाडू गातात ते गाणंही फिट्झरॉयच्याच गाण्यावर बेतलेलं, फ्रान्सच्या राष्ट्रगीताच्या चालीवरचं.

हे लिहिताना मला चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर आठवतात. नवी मुंबईच्या विमानतळासाठी ही गावं उठली, देवळं हलली, घरं नव्या प्लॉटवर गेली. 25 डिसेंबर 2025 पासून तिथून विमानं उडू लागली. पण आपल्याकडच्या कबड्डीच्या मैदानात पुकारा अजून गावाच्या आणि ग्रामदेवतेच्या नावानेच होतो. भात निघालं की रायगडात रात्रीचे सामने सुरू होतात. हॅलोजनचा उजेड, रात्री एकलाही न थकणारा समालोचक, वडापावची गाडी, टेम्पो भरून आलेली पोरं आणि चढाईला गेलेला पोरगा कोणाचा हे नाव न विचारता सांगणाऱ्या आज्या. प्रो कबड्डी 2014 मध्ये टीव्हीवर आली, तिच्या कितीतरी आधीपासून हे चाललेलं आहे.

खारघर, कामोठे, नवीन पनवेलच्या इमारतींत राहणाऱ्या आम्हा मंडळींना यातलं काहीच ठाऊक नसतं. आम्ही मुंबईच्या आयपीएल संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडतो. लिलाव झाला की त्या संघातले निम्मे चेहरे बदलतात, तरी तो आपला. आणि सोसायटीच्या भिंतीपलीकडच्या गावठाणाचा संघ, ज्यातला डावा कोपरारक्षक कदाचित सकाळी आपल्याला दूध देऊन जातो, तो कोणाचा तरी दुसऱ्याचा. मेलबर्नला दोन-चार वर्षं काढली की माणसाला तिथला संघ चिकटतो. आम्ही इथे पंचवीस वर्षं राहून कोरडेच. माझ्या मते यात गावकऱ्यांचा दोष नाही. आम्हाला कोणी अडवलेलं नाही, आम्हीच भिंत ओलांडली नाही.

तेव्हा येत्या हंगामात जवळच्या गावात स्पर्धेचा फलक लागला की घरातल्या पोरांना घेऊन जा. कुठल्या संघाच्या बाजूने ओरडायचं ते शेजारी बसलेल्या आजीला विचारा, ती सांगेल. बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. खुर्ची हवी असेल तर मात्र आठच्या आत पोचा.