पॅड बांधून बसलेला खेळाडू

अंधेरी-बोरिवलीहून मुलांस पहांटेच्या गाडीनें मैदानावर नेणाऱ्या पालकांसाठीं ही हकीकत आम्ही देत आहोंत. १९८८ च्या फेब्रुवारींत तेंडुलकर व कांबळी यांनीं शारदाश्रम शाळेकडून ६६४ धावांची भागीदारी केली. त्यांच्यामागून खेळावयाचा अमोल मुजुमदार पॅड बांधून ताटकळत बसला. फलंदाजी त्याच्या वाट्यास आलीच नाहीं. पुढें पहिल्याच रणजी सामन्यांत त्यानें २६० धावा काढल्या, २००६-०७ मध्यें कर्णधार म्हणून मुंबईस अजिंक्यपद मिळवून दिलें. भारतातर्फे मात्र एकहि सामना नाहीं! निवड करणाऱ्यांचा हा हिशेब आम्हांस उमगत नाहीं. २०२३ मध्यें मुजुमदार भारतीय महिलासंघाचे प्रशिक्षक झाले. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईंत त्या संघानें दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनीं हरवून विश्वचषक जिंकला, आणि कर्णधार हरमनप्रीत कौर त्यांच्या पायां पडली.