आईची कोंबडी काढायला मी सांगणार नाही

“डॉक्टर, आईला ती कोंबडी काढून टाकायला सांगा, बर्ड फ्लू होईल.” पुण्या-मुंबईहून असे फोन येतात. आई मूर्तिजापुरात एकटी. दाणे टाकायला ती सकाळी उठते, अंगणात चार पावलं चालते, कुणाशी तरी बोलते. हे कुठल्या गोळीत मिळतं? मी नाही सांगणार.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. माणसांत मात्र तेव्हा एकही रुग्ण सिद्ध झाला नाही. रोग खोटा नाही, पण तुमची भीती चुकीच्या जागी आहे. घरात खरी भीती साल्मोनेलाची. धडधाकट कोंबडीच्या विष्ठेतही हे जंतू असू शकतात. जुलाब, ताप येतो आणि पाच वर्षांखालच्या मुलांना, म्हाताऱ्या माणसांना तो जड जातो. म्हणजे सुट्टीत आलेल्या तुमच्याच पोराने कोंबडी कुरवाळून तशाच हाताने चिवडा खाल्ला तर! हात साबणाने धुवा. खुराडं स्वयंपाकघरापासून लांब ठेवा.

आणि एकच कोंबडी का? तो कळपात राहणारा जीव, एकटा झुरतो. दुसरी आणून द्या. एखादी अचानक मेली, तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.