भरतीवर खापर फोडू नका

जोराचा पाऊस झाला आणि नवी मुंबईच्या सखल भागांत पाणी साचलं, की कारण तयारच असतं: भरती होती. हे कारण मला मान्य नाही. भरती अवचित येत नाही. वर्षभरातल्या भरत्यांच्या वेळा आणि उंची आधीच छापलेल्या असतात. दिवसातून दोनदा ती चढते, दोनदा ओसरते. ऐन भरतीत पाऊस कोसळणार, हे धरूनच तर या शहराची आखणी झाली.

17 मार्च 1970 रोजी नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोची स्थापना झाली. 95 गावांच्या हद्दीतल्या 344 चौरस किलोमीटरवर नवं शहर उभं राहायचं होतं आणि त्यातला खाडीकाठ म्हणजे भातखाचरं, मिठागरं, खाजणं. बरीचशी जमीन मोठ्या भरतीच्या पातळीखाली. म्हणून डच पद्धतीचे धारण तलाव, म्हणजे होल्डिंग पाँड, बांधले गेले. नाल्यांचं पाणी तलावात यायचं, भरती ओसरेपर्यंत तिथं थांबायचं आणि ओहोटीला खाडीत जायचं.

या रचनेचा जीव फ्लॅप गेटमध्ये आहे. तलावाच्या खाडीकडच्या तोंडाशी, वरच्या बिजागरीवर लटकणारी ही जड झडप. बाहेरून भरतीचं पाणी दाबलं की ती आपोआप मिटते. ओहोटीत आतल्या पाण्याच्या रेट्यानं उघडते. वीज लागत नाही, माणूस लागत नाही. पण बिजागरी गंजली किंवा झडपेत ओंडका अडकला, की प्रत्येक भरतीला खाडी आत शिरते आणि परतताना गाळ ठेवून जाते. इथल्या आगरी शेतकऱ्याला हे शिकवावं लागलं नव्हतं. खारजमिनीचा बांध आणि त्याची उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडप, गाव पावसाळ्याआधी डागडुजी करून ठेवत असे, कारण उघाडी निकामी झाली तर वर्षाचं भात गेलं.

आता गाळाचा हिशेब करू. 10 हेक्टरच्या तलावात एक मीटर गाळ साठला, तर एक लाख घनमीटर पाण्याची जागा गेली. एक चौरस किलोमीटरवर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी तेवढंच होतं. म्हणजे एका मीटरच्या गाळापायी अख्ख्या वस्तीचा एका मुसळधार सरीचा पाऊस बेघर होतो. तो मग रस्त्यावर, तळमजल्यावर, दुकानात शिरणारच. दोष भरतीचा की त्या गाळाचा?

यावर दुसरं उत्तर मिळतं: तलावांत खारफुटी उगवली आहे आणि न्यायालयाच्या आदेशांमुळे हात लावता येत नाही. यातला खरा भाग मी नाकारत नाही. खारफुटीची मुळं गाळ धरून ठेवतात, त्यामुळे तलावाची साठवण घटते. पण गाळ खारफुटीनं आणलेला नाही. तलाव वर्षानुवर्षं उपसले नाहीत, झडपा नादुरुस्त राहू दिल्या, डोंगर पोखरलेल्या खाणींची माती नाल्यांतून वाहू दिली. त्या गाळावर खारफुटी रुजली. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या खारफुटीविषयीच्या निकालानं सार्वजनिक हितासाठी परवानगीची वाट बंद केलेली नाही. तलावातला गाळ काढणं यापेक्षा सार्वजनिक हित ते कोणतं? खारफुटीचं नाव पुढं करून स्वस्थ बसणाऱ्यांनी परवानगीसाठी काय केलं, ते आधी सांगावं. आणि या निमित्तानं खाडीकाठच्या खारफुटीवर कुऱ्हाड चालवू पाहणाऱ्यांना तर मुळीच थारा मिळू नये. उधाणाच्या लाटांचा जोर तीच मोडते.

तिसरं मत सर्वांत घातक वाटतं. तलावांची कल्पना जुनी झाली, मोठे पंप बसवा आणि जमिनीचा 'योग्य उपयोग' करा, असं म्हटलं जातं. पंप हवेतच, पण पाणी उपसून होईपर्यंत ते कुठंतरी थांबावं लागतं. ज्यांच्याकडून आपण ही पद्धत घेतली, त्या नेदरलँड्सचं पाहा. 1995 च्या पुराच्या धास्तीनं तिथं सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. त्यानंतर त्यांनी निव्वळ बांध उंच करत बसण्याऐवजी ठिकठिकाणी बांध मागे घेतले, पूरमैदानं खोल केली, नद्यांना जागा मोकळी करून दिली.

आपण नेमकं उलट करत आलो. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, सखल जमिनीवर भराव टाकला. विमानतळ हवा होता, यावर माझा वाद नाही. पण शेजारच्या डुंगी आणि पारगावात पावसाळ्यात पाणी शिरू लागलं, तेव्हा ते निसर्गाचा कोप म्हणून खपवता येत नाही. भरावानं पाणी नाहीसं होत नाही, ते शेजाऱ्याच्या दारात जातं.

म्हणून महापालिका आणि सिडकोकडे मागणी सरळ आहे. दर मे महिन्यात नालेसफाईच्या आकड्यांबरोबर प्रत्येक धारण तलावाची मूळ खोली, आजची खोली आणि प्रत्येक झडपेची स्थिती जाहीर करा. गाळ काढायच्या परवानगीचा अर्ज कुठं अडला आहे, तेही त्याच पत्रकात छापा. आणि तलावाच्या हद्दीतली एक गुंठाही जमीन कोणत्याही विकास आराखड्यात भूखंड म्हणून दाखवू नका.