विश्लेषण : माथेरानचा बंगला तबेल्याविना अपुरा का?

माथेरानमधल्या जुन्या बंगल्यांचे जतन म्हणजे दर्शनी भागाला रंग आणि छपरावर नवी कौले, असा समज रूढ होत आहे. आवारातला तबेला मात्र ‘पडीक खोली’ ठरतो आणि आधी तोच पाडला जातो.

तबेल्याची गरज का पडली?
ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट १८५० मध्ये या डोंगरावर आले आणि त्यानंतर येथे बंगले उभे राहू लागले. नेरळहून येणारी छोटी रेल्वे सुरू झाली १९०७ मध्ये. म्हणजे पहिली पन्नासहून अधिक वर्षे डोंगर चढायचा तो घोड्यावरून, पालखीतून किंवा पायी. आज गाडी ठेवायला जागा लागते, तशी तेव्हा घोड्याला लागे.

रचना कशी असते?
मुख्य घर उंच जोत्यावर, रुंद व्हरांड्याचे आणि उतरत्या छपराचे. कारण पाऊस प्रचंड. तबेला जवळ, पण थोडा बाजूला. वास, माश्या आणि वाळल्या गवताला आग लागण्याची भीती, ही त्याची कारणे. फरशीला उतार हवा, म्हणजे मूत्र वाहून जाते आणि खूर ओले राहत नाहीत. हवेसाठी झरोके उंचावर, म्हणजे थंड वारा थेट घोड्याच्या अंगावर येत नाही. गव्हाण भिंतीलगत आणि मोतद्दाराची खोली हाकेच्या अंतरावर. ही सारी मांडणी अनुभवातून आलेली आहे.

आज प्रश्न काय?
माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. खासगी मोटारी आजही दस्तुरी नाक्यावरच थांबतात आणि घोडा येथे अजून रोजगार देतो. तरीही वारसा म्हणताच डोळ्यांपुढे येतो तो मालकाचा दिवाणखाना; ज्यांच्या श्रमावर तो चालला, त्या मोतद्दाराची खोली आणि घोड्याची जागा यादीबाहेर राहते. तबेल्याच्या जागी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या की उत्पन्न वाढते, हेही खरे. मालकांना दुरुस्तीचा खर्च परवडत नसेल, तर त्यांना नुसते नियम दाखवून भागणार नाही.

उपाय अवघड नाही. दुरुस्तीची परवानगी देताना संपूर्ण आवाराचा नकाशा मागावा. तबेल्याची भिंत, उतार आणि झरोके कायम ठेवून आतला वापर बदलू द्यावा. शक्य तिथे तो घोडेवाल्यांनाच भाड्याने द्यावा. घर राखले आणि तबेला पाडला, तर माणसे इथवर पोहोचली कशी, हे सांगणारी खूणच पुसली जाईल.