कोणत्या तोंडाने परत जाऊ?

गेल्या महिन्यात या सदरात दारूच्या व्यसनाविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांत एका भगिनीचे पत्र आहे. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे आणि ती रास्तच आहे. त्यांचे यजमान व्यसनमुक्ती केंद्रात एक महिना राहून आले. त्यानंतर आठ महिने त्यांनी थेंबालाही स्पर्श केला नाही. सुरुवातीला दर पंधरवड्याला तपासणीला जात. मग सोयाबीनची काढणी आली, एक खेप चुकली, पाठोपाठ दुसरी चुकली. पुढे मेव्हण्याच्या लग्नात मित्रांनी आग्रह केला आणि सारे पूर्वपदावर आले. आता 'पुन्हा केंद्रात चला' म्हटले की ते मान खाली घालतात आणि एकच वाक्य बोलतात, 'कोणत्या तोंडाने परत जाऊ?'

वाचकहो, हा प्रश्न एकट्या दारूड्या माणसाचा नाही. नैराश्याच्या गोळ्या दोन महिन्यांत बंद केलेली सून, स्किझोफ्रेनियाचे दरमहाचे इंजेक्शन चुकवलेला तरुण, झोपेच्या गोळ्या सोडवायला आलेले आणि मध्येच नाहीसे झालेले निवृत्त गुरुजी, या सर्वांच्या मनात तोच प्रश्न असतो. गेली अनेक वर्षे मनोरुग्ण तपासताना मी एक गोष्ट सतत पाहत आलो आहे. आजार उलटल्यामुळे जेवढे नुकसान होते, तेवढेच नुकसान परत यायला लागलेल्या उशिरामुळे होते. हा उशीर बहुतेक वेळा पैशांपायी होत नाही, लाजेपायी होतो. आणि ही लाज बरीचशी आपण, म्हणजे नातेवाईक, शेजारी आणि डॉक्टर मंडळींनी, त्याच्या पदरात घातलेली असते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. औषधपाणी अर्धवट सोडणे ही व्यसनी आणि मनोरुग्ण माणसांची खास खोड आहे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांच्या उपचारांविषयी एक अहवाल काढला. प्रगत देशांतसुद्धा अशा आजारांत औषधे सांगितल्याप्रमाणे घेण्याचे प्रमाण सरासरी ५० टक्केच भरते, असे त्यात नमूद आहे. २००० साली अमेरिकेतील एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात व्यसनाची तुलना मधुमेह, रक्तदाब आणि दमा यांच्याशी करणारा लेख आला होता. उपचारानंतर वर्षभरात व्यसनाचे ४० ते ६० टक्के रुग्ण पुन्हा घसरतात. रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांत आजार पुन्हा उफाळण्याचे प्रमाण त्याच लेखात ५० ते ७० टक्के दिले आहे. तरीही रक्तदाबाची गोळी सोडून चक्कर येऊन पडलेले काका दवाखान्यात आले, तर त्यांना कोणी 'कोणत्या तोंडाने आलात?' असे विचारीत नाही. त्यांचा रक्तदाब मोजला जातो आणि गोळी पुन्हा सुरू होते.

शब्दांचाही परिणाम होतो. क्षयरोगाच्या कामात उपचार मध्येच सोडणाऱ्या रुग्णाला वर्षानुवर्षे 'डिफॉल्टर' म्हणत. हाच शब्द बँकेच्या थकबाकीदाराला वापरतात. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोगाच्या व्याख्या नव्याने केल्या, तेव्हा हा शब्द काढून टाकला आणि 'पाठपुराव्यातून सुटलेला' अशा अर्थाचा शब्द घेतला. पहिल्या शब्दात सारा दोष रुग्णाचा होता. दुसऱ्या शब्दात पाठपुरावा करणाऱ्यांवरही जबाबदारी येते. क्षयाचा रुग्ण गोळ्या न्यायला आला नाही तर आशाताई किंवा आरोग्य कर्मचारी त्याच्या घरी चौकशीला जातात. मनोरुग्ण आला नाही तर त्याचा केसपेपर बहुधा कपाटातच पडून राहतो. हा फरक मला मान्य नाही.

लोक उपचार का सोडतात, हेही जरा समजून घ्यावे. सर्वांत मोठे कारण म्हणजे बरे वाटू लागते. ताप उतरला की गोळी बंद करायची सवय आपल्याला असते. पण नैराश्यात बरे वाटू लागल्यानंतरही साधारण सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवावे लागते, हे नीट समजावून सांगायला गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात वेळ नसतो. दुसरे कारण औषधांचा त्रास. वजन वाढते, दिवसभर पेंग येते, हात थरथरतात, वैवाहिक संबंधांत अडचणी येतात. हे शेवटचे कारण तर रुग्ण स्वतःहून कधीच सांगत नाही. याशिवाय जिल्ह्याच्या गावी यायचे म्हणजे एस.टी.चे भाडे आणि दिवसाची मजुरी दोन्ही जाते. कधी डॉक्टरांची बदली होते, कधी सरकारी दवाखान्यात औषध संपलेले असते. कुठे मुलीचे लग्न ठरायच्या वेळी घरचेच डबा लपवतात. कुठे एखादा बुवा 'गोळ्या बंद करा, तरच गुण येईल' असे बजावतो. या कारणांवर रागावून काही साधत नाही. कारण कळले तर गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते, पंधरा दिवसांऐवजी महिन्याचे औषध देता येते.

यावर काही मंडळी म्हणतील, 'डॉक्टर, असे लाड केलेत तर धाकच उरणार नाही. आज सोडतील, उद्या येतील, परवा पुन्हा सोडतील.' ही शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिचे उत्तर देतो. धाकाने माणूस औषध घेत नाही, धाकाने तो औषध घेतल्याचे खोटे सांगतो. 'पुन्हा प्यालास तर इथे पाऊल ठेवू नकोस' असे ज्याला ऐकवले आहे, तो पुन्हा प्यायल्यावर नेमके तेच करतो, पाऊल ठेवत नाही. मग तो येतो तो रक्ताची उलटी झाल्यावर, किंवा विष घेतल्यावर चौघांनी उचलून आणल्यावर. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संस्था १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि तिच्या सभा आज आपल्याकडेही अनेक गावांत भरतात. तेथे सभासदत्वाला एकच अट आहे, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. काल प्यालेला माणूस आज सभेत बसू शकतो. दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात, पण खुर्ची काढून घेतली जात नाही.

आणखी एक हिशेब पाहा. बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूच्या विकाराचे शंभरातले सुमारे ८६ रुग्ण उपचारांविना आढळले. म्हणजे एकदा तरी उपचारापर्यंत पोचलेला माणूस आधीच विरळा. त्याने एकदा दार ओळखले आहे, आठ महिने व्यसनाविना काढून दाखवले आहेत. ते आठ महिने वाया गेले असे समजू नये. कोणत्या प्रसंगी पाय घसरतो, हे त्याला आता ठाऊक झाले आहे. पहिल्या वेळी ही माहिती त्याच्याजवळ नव्हती.

मात्र सबुरीचा अर्थ चुकीचा घेऊ नये. नवरा उपचारांना परत जाईल या आशेवर पत्नीने मारहाण सोसत राहावे, असे मी मुळीच सुचवत नाही. घरात हात उगारला जात असेल तर आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता पाहावी, माहेरची किंवा पोलिसांची मदत घ्यावी. त्याला पुन्हा उपचार मिळावेत आणि तिला मार बसू नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागता येतात.

आता परत जाताना काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, घरात उरलेली जुनी पाकिटे काढून आपल्या मनाने पूर्वीच्याच मात्रेत सुरू करू नका. काही औषधांत हे धोक्याचे आहे. क्लोझापिन ४८ तासांपेक्षा अधिक काळ चुकले तर ते अगदी अल्प मात्रेपासून पुन्हा वाढवत न्यावे लागते. लॅमोट्रिजिन बरेच दिवस बंद राहिल्यावर एकदम पूर्ण मात्रेत घेतले तर जिवावर बेतणारे पुरळ उठू शकते. किती दिवसांचा खंड पडला, हे डॉक्टरांना खरे सांगा.

दुसरी गोष्ट, रोज भरपूर पिणाऱ्याने 'आधी घरी सोडतो, मग ताठ मानेने जातो' असे ठरवू नये. दारू एकाएकी बंद केल्यास पहिल्या तीन-चार दिवसांत फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार घडतात आणि त्यात मृत्यूही ओढवू शकतो. पीत असलात तरी तसेच या. सोडवणे हे दवाखान्याचे काम आहे.

तिसरी गोष्ट घरच्यांसाठी. डायसल्फिरामची गोळी चहातून किंवा भाजीतून चोरून देऊ नका. ती पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब एकदम घसरून जीव जाऊ शकतो. हे औषध रुग्णाला माहीत असताना, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

चौथी गोष्ट, गर्द किंवा ब्राऊन शुगरसारख्या व्यसनातून काही महिने बाहेर राहिलेल्या माणसाच्या शरीराची सवय मोडलेली असते. त्याने पुन्हा पूर्वीइतकेच घेतले तर श्वास थांबू शकतो. अशी घसरण झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पाचवी गोष्ट, जुने कागद, गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत घ्या. ती हरवली असली तरी या. जुन्या डॉक्टरांकडे जायचा संकोच वाटत असेल तर दुसऱ्याकडे जा, जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागात जा. बोलायला शब्द सुचत नसतील तर एवढेच म्हणा, 'मी मध्ये उपचार सोडले होते, आता परत सुरू करायचे आहेत.' केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६, फोन विनामूल्य, रात्रीअपरात्री केव्हाही, मराठीतूनही बोलता येते. व्यसनासंबंधी १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. मात्र कोणी जीव देण्याची भाषा करीत असेल तर त्याला एकटे सोडू नका, कीटकनाशके आणि गोळ्या हाताशी ठेवू नका, आणि तत्काळ रुग्णालयात न्या.

कायदाही परत येणाऱ्याच्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी किंवा सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेत मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. एकदा उपचार अर्धवट सोडले की हा हक्क संपतो, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि केसपेपरच्या खिडकीवर बसणाऱ्यांना माझी एक नम्र विनंती आहे. सहा महिन्यांनी रुग्ण समोर उभा राहिला तर पहिले वाक्य 'इतके दिवस कुठे होता?' असे नसावे. 'आलात, बरे केलेत, बसा' असे असावे. चुकलेल्या तारखांची चौकशी त्यानंतर दोन मिनिटांनी करता येते. घरच्यांनीही परतीच्या वाटेवर मागची उणीदुणी काढू नयेत. सोबत चलावे, भाड्याचे पैसे बाजूला काढावेत, पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी. आणि ज्यांनी उपचार सोडले आहेत त्यांनी सोमवारची, अमावास्या उलटण्याची किंवा सुगी आटोपण्याची वाट पाहू नये. ज्या तोंडाने आहात त्याच तोंडाने या, पण या आठवड्यात या.