मत न देण्याचा स्वभाव?

मतदानाची टक्केवारी जाहीर झाली की आपल्या मोहल्ल्यांत ठरलेली वाक्यं ऐकू येतात. "आपली पोरं बेफिकीर." "त्याचा स्वभावच तसा, कशात पडत नाही." जणू मत देणं-न देणं माणूस जन्मतःच घेऊन येतो. मला हे पटत नाही.

7 मे 2024 रोजी रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभा मतदारसंघात मतदान झालं. यादीत सुमारे साडेचौदा लाख नावं, मत दिलं नऊ लाखांच्या आसपास लोकांनी. निकाल लागला साधारण 48 हजारांच्या फरकाने. कोण जिंकायला हवं होतं हा इथे मुद्दा नाही. मत न दिलेले पाच लाखांहून जास्त होते, आणि ते सगळे एकाच स्वभावाचे असणं शक्य नाही.

स्वभावाचा काहीच संबंध नसतो असंही नाही. बोलका, चारचौघांत रमणारा माणूस सभांना जास्त जातो, प्रचारात जास्त फिरतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. शिस्तीच्या माणसाचं मात्र तसं नाही; त्याच्याबद्दल अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत. कॅनडातले राज्यशास्त्रज्ञ आंद्रे ब्ले आणि त्यांच्या सहकाऱ्याने 2011 मध्ये मांडलं की लाजाळूपणा, वाद टाळण्याची वृत्ती यांसारख्या गुणांचा परिणाम मुख्यतः दोन वाटांनी होतो: राजकारणातला रस आणि कर्तव्याची जाणीव. स्वभाव बदलणं कठीण, पण या दोन गोष्टी वाढवता येतात.

शिवाय वाद टाळणाऱ्यासाठी मतदानाइतकं सोयीचं राजकीय काम दुसरं कुठलं आहे? ग्रामसभेत उठून बोलायला हिंमत लागते. इथे आडोशामागे एकट्याने एक बटण दाबायचं. घरच्यांनाही सांगायची गरज नाही. (आपल्याकडे तरीही विचारतात, ते वेगळं.)

अमेरिकेत डेन्व्हर आणि मिनियापोलिस शहरांत 2002 साली एक प्रयोग झाला. दोन मतदार असलेल्या घरांत कार्यकर्ते गेले आणि दार उघडेल त्याला मतदानाचा आग्रह केला. परिणाम त्याच्यावर झालाच, पण त्यातला सुमारे 60 टक्के परिणाम घरातल्या दुसऱ्या माणसापर्यंतही पोहोचला, ज्याच्याशी कुणी बोललंच नव्हतं. स्वभाव दोघांचे तेच राहिले. फक्त कुणीतरी येऊन विचारलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. लोक फॉर्म अर्धवट सोडून जात असतील, तर त्यांना आळशी म्हणून आम्हाला मोकळं होता येत नाही. नेमक्या कुठल्या पायरीवर सोडतात ते शोधावं लागतं. आपल्याकडच्या पायऱ्या शोधायला फार लांब जावं लागत नाही. मासेमारीबंदी 1 जूनपासून, म्हणजे 7 मे हा मिरकरवाड्याच्या खलाशांसाठी हंगामाचा शेवटचा पैसा कमावण्याचा काळ. दुबई-कुवेतला असलेला भाऊ परदेशस्थ मतदार म्हणून नमुना 6अ भरून नाव नोंदवू शकतो, पण मत द्यायला त्याला मूळ पासपोर्ट घेऊन गावच्या केंद्रावरच यावं लागतं. त्या तिकिटाच्या पैशांत घरच्यांचा महिना निघतो. निकाहनंतर राजीवड्याहून दुसऱ्या गावी गेलेल्या बहिणीचं नाव कित्येकदा माहेरच्याच यादीत राहतं. मतदानाच्या दिवशी सासरची माणसं केंद्रावर जातात आणि ती घरी थांबते. मग लोक म्हणतात, बायकांना राजकारणात रस नसतो.

भावाच्या तिकिटाचं आपल्या हातात काही नाही. बहिणीचं आहे. पत्ता बदलायला नमुना 8 पुरतो आणि तो मोबाईलवरूनही भरता येतो. नव्याने नाव नोंदवायचं तर नमुना 6. पूर्वी 18 वर्षं पूर्ण झाल्याचं फक्त 1 जानेवारीला मोजत. आता 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबरही धरतात, आणि 17 वर्षं पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. तुमच्या घरात नवी भाभी आली असेल, तर तिचं नाव सध्या कुठल्या गावच्या यादीत आहे, हे आज रात्री जेवताना तिला विचारा.